अक्काला सांगू नकोस

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा धुक्याला माणसांची भाषा कळत असे.

डोंगरापलीकडच्या एका राज्यात, देवराईच्या काठी एक घर होतं. ज्यांना स्वतःचं घर उरलं नव्हतं, अशी मुलंमुली तिथं वाढत. अक्का आणि म्हातारे तात्या त्यांना सांभाळत. सकाळी धुकं उंबऱ्यापर्यंत येई आणि मांजरासारखं अंग मुडपून बसे.

त्या घरात एक अबोल, वयात आलेली मुलगी होती. एकदा अक्का भाकरीचं पीठ मळत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, जाते मी."

"जाते म्हणू नये गं. येते म्हण," अक्का हसून म्हणाली.

"बरं. येते."

ती परत आली नाही. तिनं आपलं आयुष्य स्वतःच संपवलं.

का, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच कधी नीट कळलं नाही.

राजाचा कारभारी आला, "लक्ष कुणाचं होतं?" एवढंच विचारून गेला. पाणवठ्यावर बायका कुजबुजल्या. "जेवलीस का?" असं मात्र अक्काला कुणी विचारलं नाही. तिनंही चूल थंड पडू दिली नाही. बाकीची मुलं होती ना! पण 'जाते' हा शब्द तिच्या मनात जात्यासारखा घरघरत राहिला. आपण तो ऐकला, आणि फक्त सुधारला!

तेव्हापासून ती दारात उभी राहू लागली.

"येतो म्हण."

"अगं अक्का, बोरं आणायला चाललोय, लंकेला नाही!"

"आधी म्हण."

मुलं म्हणत. पण कुणी जरा गप्प बसलं, की अक्काचा चेहरा पांढरा पडे.

एका सकाळी धुक्यातून आवाज तरंगत आले.

"मला कालपासून नुसतं रडू येतंय," एक मुलगी म्हणत होती.

"अक्काला सांगू नकोस हं," दुसरी म्हणाली. "ती घाबरते. आधीच वाळून काटकी झालीय बिचारी. हसून दाखव तिला."

अक्कानं दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला. जे दुःख वेळीच कळावं म्हणून ती दार अडवून उभी होती, ते तिच्याच भीतीपायी लपू लागलं होतं.

तात्या पत्रावळी लावत बसले होते. त्यांच्यापाशी जाऊन ती म्हणाली, "मी हे घर सोडते, तात्या. ती पोर माझ्यामुळे गेली."

तात्यांच्या हातातलं पान गळून पडलं.

"तुझ्यामुळे? अगं, मी समजत होतो माझ्यामुळे. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली, तर मी म्हटलं, 'ऊठ, पानं वाळत घालायचीत.' तेव्हापासून घास उतरत नाही घशाखाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू धीराची वाटलीस. म्हटलं, म्हाताऱ्याचं ओझं तुझ्यावर कशाला?"

"आणि मला तुम्ही धीराचे वाटलात!"

दोघं रडली. धुकं आत आलं, त्यांच्यामध्ये बसलं, आणि ऐकता ऐकता इतकं जड झालं की वळचणीवरून थेंब थेंब गळू लागलं. ती मुलगी का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. पण अक्का राहिली. कामं उरकली की दोघं रोज एकमेकांशी मनातलं बोलू लागली.

मग एक दिवस ती रडू येणारी मुलगी अक्काजवळ सरकली.

"अक्का, कधी कधी मला जगणंच नको वाटतं."

अक्काचा हात थरथरला. तिनं तो लपवला नाही. त्याच हातानं मुलीचा हात धरला.

"बरं झालं सांगितलंस. सगळं सांग, मी इथंच आहे. मग तात्यांनाही बोलावू. हे एकटीनं वाहायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

मुलगी बोलत राहिली. त्या दिवशी, आणि पुढेही कितीतरी दिवस. ती पुढे इतकी म्हातारी झाली, की नातवंडं तिच्या बोळक्या तोंडाला हसत.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख ऐकायचं असेल, तर आपलंही दुःख कुणाला तरी सांगावं लागतं.