येसूने परत मागितलेला धूर

कापसाच्या रानाला लागून एक छोटंसं घर होतं. घरात येसू, तिची माय सखू आणि पाळण्यातली तान्ही ठमी. बाप लांबच्या गावी कामाला. घर म्हणजे एकच खोली, आणि खोलीत एकच चूल. कापूस वेचून झाला की उरतात ना वाळकी झाडं, पऱ्हाट्या, त्याच जाळायच्या. ओल्या-सुक्या एकदम कोंबायच्या, मग काय, भाकरी होईस्तोवर घरभर धूर! ठमी खोकायची, खोकून खोकून इवलंसं तोंड लालबुंद व्हायचं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "धुराडं बसवा. नाहीतर लेकराची छाती भरेल."

पण माय ऐकेना. चुलीवर आढ्याला पुढच्या सालचं बी टांगलेलं होतं. "धूर गेला की बियाला कीड लागते. मग पेरायचं काय, तुझी वेणी?"

येसू पऱ्हाट्या आणायला रानात गेली. सगळं रान तपकिरी, कोरडं. एका पऱ्हाटीला मात्र एकच पिवळंधमक फूल राहिलं होतं. उपटायला गेलेला हात येसूने मागे घेतला. "राहा बाई तू. एवढी नटून बसलीस!"

फूल हललं. आत एक परी, सरकीएवढी! पंख कापसाच्या तंतूंचे, उन्हात चांदीसारखे लुकलुकणारे.

"माझं घर राखलंस, दोन गोष्टी माग," परी म्हणाली. "पण एक आहे. मी काही नाहीसं करत नाही, नुसतं इकडचं तिकडे हलवते. आणि हलवलेलं परत आणायला लावलंस तर तेही मागणंच धरीन."

"आमच्या घरातला धूर हलव," येसूने क्षणात मागितलं.

सांजेला माय चूल पेटवायला बसली. धूर निघाला, वळला आणि सरळ भिंतीत शिरला. ठमी खुदकन हसली. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या चंद्राकाकू खोकत ओट्यावर आल्या. आधीच दम्याच्या, त्यात डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "अगं बाई, माझी चूल अजून थंडगार, मग हा मेला धूर कुठून गं?"

येसूच्या ध्यानात आलं, हा तर आपलाच धूर. इकडे ठमी, तिकडे काकू. ठमीला काखेत मारून ती धावत रानात गेली.

"परी, धूर परत आण."

"ठमी खोकेल."

"मी हिला बाहेर घेऊन बसेन. पण आमचा धूर काकूंना नको."

"मागणी संपली हं तुझी."

"संपू दे," येसू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

धूर काकूंच्या दारातून बाहेर आला आणि काळ्या बोक्यासारखा येसूच्या घरात शिरला. काकू बघतच राहिल्या. रानातून परतलेल्या येसूने खरं काय ते सांगितलं.

"परीबिरी मला नाही ठाऊक," काकू म्हणाल्या, "पण धूर परत मागणारी पोर पहिल्यांदाच बघतेय." आणि पदर खोचून त्या तडक मायकडे गेल्या. "सखू, बी राखेत कालव, मडक्यात भर, तोंड लिंपून टाक. माझं बी वर्षानुवर्षं तसंच टिकतंय. लेकराला कशाला धुरी देतेस?"

"राखेनं कीड लागत नाही?"

"नाही गं बाई! आणि राखेला काय तोटा तुझ्या घरी?"

माय हसली. दुसऱ्या दिवशी बी मडक्यात गेलं. काकूंनी माती मळली, मायने चूल घातली, कुंभाराच्या मातीच्या नळ्यांचं धुराडं दोन्ही घरांच्या छपरांहून उंच काढलं. येसूने पऱ्हाट्या उन्हात कडकडीत वाळवल्या, तोडून बारीक केल्या. मोजक्याच घालायच्या, खालून वारा खेळू द्यायचा, असं काकूंनी बजावलं.

चूल पेटली. सोनेरी, पिवळी, स्वच्छ ज्योत! नावाला जरासा धूर निघाला, तो धुराड्यातून वर गेला. ज्योतीत परी दिसली, पंख झळाळत होते. तिने येसूच्या गालाला हात लावला, उबदार, मऊ. मग प्रकाशाची एक रेघ होऊन ती धुराड्यातून आभाळात मिसळून गेली.

भाकऱ्या झाल्या तरी ठमी पाळण्यात गाढ झोपलेली, खोकला नाही की काही नाही. माय कितीतरी वेळ तिच्या श्वासाकडे कान देऊन बसली. तुमच्याही घरची पोरंबाळं अशीच निवांत झोपोत.