मुंजाजीचं कुसळ

त्या दिवशी आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. ढगाचं बोटभर ठिगळसुद्धा कुठं नव्हतं. वारा कोरडा, ऊन कडक, आणि माळावर बारा खळी लागलेली. वाकदरीत असा दिवस मळणीला चांगला मानतात. पण मुंजाजीची गोष्ट त्याच दिवसाची आहे, म्हणून आधी हे ऊन नीट ध्यानात ठेवा.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला सांगता येणार नाही. माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेली, एवढं खरं.

मुंजाजी वाकदरीचा गुराखी. सकाळी घरोघरची गुरं सोडायची, डोंगरावर न्यायची, दिवस मावळायला परत आणायची. अंगावर एक काळं घोंगडं, हातात काठी. माणूस कामाला चोख, पण त्याला एक नाद होता. डोंगरावर दिसलेलं काहीतरी नवल तो रोज घोंगड्याच्या खोळीत घालून आणायचा आणि देवळाच्या पायरीवर बसून दाखवायचा. कधी डोळ्यांसकट सुटलेली सापाची अख्खी कात. कधी दुसरा दगड मारला की घंटेसारखा वाजणारा दगड. कधी मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून उलटं चालणारा किडा. बघायला दाम नाही की दाणा नाही. पण एक अट होती. बघितलेलं नवल एकट्यानं ठेवायचं नाही. उद्याचा दिवस मावळायच्या आत एकाला तरी दाखवायचं.

म्हणून वाकदरीत काय व्हायचं, की रुसलेला भाऊ रुसलेल्या भावाकडे जायचा. बोलायला नव्हे, किडा दाखवायला. किडा बघता बघता बोलणं व्हायचंच. असं म्हणतात, की मुंजाजी होता तोवर त्या गावात अबोला कधी आठ दिवसांवर टिकला नाही.

एकच बाई त्याच्या नवलाकडे ढुंकून बघायची नाही. ती त्याची शेजारीण, भागाबाई. नवरा लवकर गेलेला. एक गाय, डोंगराच्या पायथ्याला जमिनीचा एक तुकडा. वर्षाचं पोट त्यावर. तिला बघायला वेळ कुठला? मुंजाजी सकाळी दारात आला, की ती म्हणायची, "ए मुंजा, गाय सोड आणि निघ. तुझे किडेमकोडे माझ्या दारात नकोत."

"बरं वहिनी," म्हणायचा आणि निघायचा. राग त्याला ठाऊकच नव्हता.

आता त्या दिवसाकडे येऊ.

मुंजाजी डोंगरावर बसला होता. माळाच्या गवतातली कुसळं घोंगड्यात शिरली होती, ती एकेक उपटत होता. कुसळ तुम्हाला माहीत असेल. खाली टोचणारं टोक, वर पीळ घातलेली शेपटी. सुकं असलं की पीळ घट्ट. ओल लागली, की पीळ उलगडतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गरगर फिरते. थुंकी लावून हा खेळ मुंजाजीनं पोरांना शंभर वेळा दाखवला होता. पण त्या दिवशी तळहातावरचं कुसळ आपलं आपणच हललं. ना थुंकी, ना दव. त्यानं दुसरं घेतलं. तेही फिरायला लागलं.

मुंजाजीनं आभाळ बघितलं. लख्ख. मग त्यानं खाली माळ बघितला. बारा खळ्यांवर ज्वारीच्या बारा राशी, उघड्या.

त्यानं गुरं ओढ्याकाठच्या सावलीला बसवली आणि खाली उतरला. पण जाऊन सांगणार काय? वाकदरीची रीत अशी, की रास पडली की खळ्यावर पावसाचं नाव काढायचं नाही. नाव काढलं म्हणजे बोलावणं धाडलं. आणि रास झाकायचीही नाही, तेही बोलावणंच. एकानं पूर्वी नाव काढलं होतं, तर त्याला तीन वर्षं कुणी खळ्यावर पाय ठेवू दिला नाही. आणि या रीतीची सगळ्यांत कडक राखणदार कोण? तर भागाबाई.

मुंजाजी घाबरला नाही. तोंड बंद असलं तर हात मोकळे आहेत, असा त्याचा हिशोब. त्यानं प्रत्येक खळ्यावर मुठीएवढा शेणाचा गोळा ठेवला, त्यात एकेक कुसळ उभं रोवलं आणि म्हणाला, "आजचं नवल. अट माहीत आहे. शेजारच्या खळ्याला दाखवून या."

माणसं हसली. पण बैल दमले होते, भाकरीची वेळ होती. एक उठून दुसऱ्याकडे गेला.

"माझं फिरतंय बघ."

"थुंकला असशील."

"मी कशाला थुंकू? तुझंही फिरतंय की."

"मग माझ्यावरही तूच थुंकला असशील."

अशी थट्टा बाराही खळ्यांवर चालली. एकानं कुसळावर पाटी पालथी घातली, राखण बसवली आणि घटकाभरानं उचलली. कुसळाची शेपटी पार पलीकडे गेलेली. तेव्हा हसणं हळूहळू बंद झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मनात शब्द सगळ्यांच्या होता. तोंडातून कुणाच्या येईना.

भागाबाई खेकसली, "कामं टाकून काय मांडलंय हे? आण इकडे."

तिनं मुंजाजीचं कुसळ घेतलं नाही. स्वतः बांधावर गेली, स्वतःच्या हातानं कोरडं कुसळ उपटलं, पदरानं पुसलं आणि आपल्या खळ्यातल्या शेणात रोवलं. मग त्याच्यासमोर मांडी घालून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई असं काही बघायला बसली होती. मागं तिची रास, त्या साली तिला झालेली तेवढीच ज्वारी.

कुसळ थरथरलं. मग शेपटी निघाली. एक फेरा, दुसरा फेरा.

भागाबाईनं मान वर केली. "मुंजा, तू तोंडानं काही बोललास का?"

"नाही वहिनी."

"मीही बोलले नाही." ती उठली. "रीत मोडलीच तर दोष माझा. काढा रे घोंगडी."

आणि तिनं खळ्यावर अंथरलेली चादर आधी आपल्या राशीवर टाकली. ती पुरेना. तेव्हा मुंजाजीनं आपलं घोंगडं काढून तिच्या राशीवर पसरलं. मग बाराही खळ्यांवर पळापळ झाली. गोधड्या आल्या, घोंगड्या आल्या, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. तोवर डोंगरामागून काळं चढलं होतं. असं म्हणतात, की पाऊस ओढ्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि शेवटची पेंढी चढेपर्यंत त्यानं ओढा ओलांडला नाही. असंही म्हणतात, की डोंगरावरची सगळी कुसळं एकदम फिरली आणि त्याचा आवाज हजार जात्यांसारखा गावात ऐकू आला. मी ऐकलेलं सांगतो. मग लिंबाएवढ्या गारा पडल्या. माळ पांढरा झाला. ज्वारीचा दाणा भिजला नाही.

मुंजाजी तेवढा भिजला. उघड्या अंगानं तो ओढ्याकाठी गुरांत जाऊन उभा राहिला आणि एकेक जनावर मोजून घरी घेऊन आला.

वाकदरीत अजून रास पडली, की आधी शेणाच्या गोळ्यात कुसळ रोवतात. आता मळणीचं यंत्र येतं, तरी रोवतात. ते एकट्यानं बघायचं नाही. शेजारच्या खळ्यावरून कुणीतरी येतं, कुसळासमोर मांडी घालून बसतं, आणि भागाबाई बोलली तेच बोलतं. त्याशिवाय पोत्याला कुणी हात लावत नाही.

ते ती बोलली दुसऱ्या दिवशी सकाळी. मुंजाजी नेहमीसारखा गाय सोडायला आला, आणि गाय सोडून निघणार, तर भागाबाई दारात पाट मांडून बसलेली. शेजारी त्याचं घोंगडं, झटकून घडी केलेलं. एकेरी हाक मारणारी ती बाई त्या दिवशी म्हणाली,

"भावजी, गाय कुठं पळून जात नाही. टेका घटकाभर. आजचं नवल आधी मला दाखवा, मग मी जाते दुसऱ्याला दाखवायला."