वैद्यबुवा आणि अडखळणारा लॅपटॉप

एकदा एका वृद्ध वैद्यांनी मनाशी ठरवले की, साठ वर्षांत हाताला जे कळले ते आता सांगून मोकळे व्हायचे. लिहून घ्यायला त्यांची शिष्या होती. रोज सकाळी, रुग्ण यायच्या आधी, दोन तास ते सांगत आणि ती लॅपटॉपवर उतरवून घेई. वनस्पती स्पर्शाने कशी ओळखावी, कोणत्या दिवसांत काढावी, नाडी पाहताना बोटांनी काय ऐकावे, असे ते सारे होते. कोणत्याही ग्रंथात नसलेले, आणि म्हणूनच त्यांच्याबरोबर नाहीसे होईल असे.

वैद्यबुवांचे वय ब्याऐंशी. सकाळी स्मरण लख्ख असे, पण मध्येच धागा तुटला की तो पुन्हा हाती लागत नसे. शिष्येच्या जिवाला घोर लागला होता तो याचाच.

त्यात तिच्या मनाला एक टोचणीही होती. तिच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि चार महिन्यांचे लेखन एका दिवसात गेले. वैद्यबुवा रागावले नाहीत. ‘पुन्हा सांगेन,’ एवढेच म्हणाले. पण पुन्हा सांगताना त्यातले निम्मे त्यांना आठवले नाही. ते निम्मे आपण घालवले, असे तिने स्वतःला बजावून ठेवले होते.

म्हणून नवा लॅपटॉप आणला तेव्हा तिने बंदोबस्तात कसर ठेवली नाही. व्हायरसवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम त्यात मुळातच होता. दुसरा तिने दुकानदाराकडून घालून घेतला. दुकानदार कशाला नको म्हणेल? तिसरा भावाने सुचवला. शिवाय दर मिनिटाला लेखनाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवर जाईल अशी व्यवस्था केली. वहीत लिहावे हे तिला सुचले नव्हते असे नाही, पण वही एकच असते आणि ती हरवली तर, या विचाराने तिचा हात चालत नसे.

चार दिवसांत लॅपटॉप अडखळू लागला. ती अक्षर टाइप करी आणि ते पडद्यावर उमटायला तीन-चार सेकंद लागत. मग अख्खी ओळ धाडकन येई, की पुन्हा सारे ठप्प. ‘थांबा, गुरुजी,’ ती म्हणे. गुरुजी थांबत. लॅपटॉप पुन्हा चालू लागेपर्यंत गुरुजींचे सांगायचे निसटलेले असे. तिने तो बंद करून पुन्हा सुरू केला, नको त्या फायली काढल्या, पंख्याखाली ठेवून पाहिला. दुकानदार म्हणाला, ‘आठ दिवस ठेवून जा, कंपनीकडे पाठवतो.’ तिच्याकडे आठ दिवस कुठे होते?

एका सकाळी, तासाभरात सहाच ओळी झाल्यावर, तिला रडू फुटले. ‘नवा कोरा आहे हो, गुरुजी. माझ्याच नशिबी खोट असलेला आला.’

वैद्यबुवांनी लॅपटॉपकडे पाहिलेसुद्धा नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला विचारावे तसे त्यांनी तिला विचारले, ‘आणलास त्या दिवशी कसा होता?’

‘झपाझप चालत होता.’

‘मग त्याला काय काय दिलंस?’

तिने सगळे सांगितले. तीन प्रोग्राम, दोन प्रती, दर मिनिटाला.

‘हे तिघे रखवालदार करतात काय?’

‘काही लिहिलं, काही उघडलं, की आधी तपासून बघतात.’

‘तिघेही?’

‘तिघेही.’

वैद्यबुवा सावरून बसले. ‘आज मी सांगत नाही. तू सांग. गुळवेल कशी ओळखायची?’

गुळवेल तिला झोपेतही सांगता आली असती. ‘गुळवेलीची साल...’

‘थांब. साल म्हणालीस? नक्की?’

‘हो.’

‘पुन्हा म्हण. आता मनात म्हण. आता त्या भिंतीला सांग.’

ती बावचळली, पण तिने भिंतीला सांगितले. ‘साल पातळ...’

‘थांब. पातळ कशावरून? पुन्हा म्हण.’

दहा मिनिटे हेच चालले. सालीखाली हिरवे असते की पांढरे, हेच तिला आठवेना. ‘गुरुजी,’ ती काकुळतीला येऊन म्हणाली, ‘शब्दाशब्दाला अडवलंत तर मला येतंय तेही सुचायचं नाही.’

‘त्याचंही तेच झालंय,’ वैद्यबुवा म्हणाले. ‘मला यंत्रातलं काही कळत नाही. पण धडधाकट माणसाला तीन वैद्यांची औषधं एकदम सुरू केली, तर तो आजारी पडणारच. एक रखवालदार ठेव. प्रत दिवसातून एकदा काढ.’ मग त्यांचा आवाज उतरला. ‘आणि खरं सांगू? तुला भीती लॅपटॉपची नाही. मी जाईन याची आहे. मी जाणारच आहे, बाळ. काही सांगायचं राहूनही जाईल. पण सगळंच वाचवायचं म्हणून बसलीस, तर आज सांगतोय तेही हातचं जाईल. काळजी कामाच्या शेजारी बसू दे. तिला कामाच्या अंगावर बसवू नकोस.’

शिष्येने प्रत दिवसातून एकदाच निघेल असे केले. मग तिने दोन प्रोग्राम काढायला घेतले. ‘नक्की काढायचा?’ असे पडद्यावर आले तेव्हा तिने ‘हो’ दाबले. दोनदा दाबले. लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि एक अक्षर टाइप केले. ते बोटासरशी उमटले.

वैद्यबुवा सांगू लागले. अनंतमूळ कसे खणावे, मूळ कुठे मोडून वास घ्यावा. पानभर झाले, दोन पाने झाली. ‘आणि माझे गुरू ते काढायचे...’ म्हणून ते थांबले. त्यांनी डोळे मिटले. कपाळाला हात लावला.

‘नाही आठवत,’ ते म्हणाले.

शिष्येने तिथे एक ओळ कोरी सोडली आणि ती म्हणाली, ‘असू दे. पुढचं सांगा, गुरुजी.’