दोन जाळ्या आणि एक पडदा

स्पीकर गाण्याइतकेच भांडतही असत, त्या काळची गोष्ट. एका स्पीकरमध्ये दोन जाळ्यांच्या मधोमध एक पातळ पडदा राहायचा. वीज आली की दोघी त्याला आपापल्याकडे ओढायच्या आणि त्याच्या ये-जा करण्यातून गाणं निघायचं.

एका धूलिकणाला हे बघवेना. तो पडद्याचे कान भरू लागला, "रोजची ही ओढाताण कशाला? कायमचा एकीचा हो की!"

पडदा पुढच्या जाळीला जाऊन चिकटला. चर्र झालं आणि गाणं बंद पडलं.

घरच्या दमयंतीबाईंनी स्पीकर खोलला. केस वाळवायच्या ड्रायरने शेकताच, चिकटून सैलावलेला पडदा जाळीपासून सुटून पुन्हा ताठ झाला. कण मात्र उडून बाईंच्या नाकात गेला आणि शिंकेसरशी खिडकीबाहेर पडला.

मागची जाळी फुरंगटून म्हणाली, "आता माझ्याकडे नाही ना येणार?"

"येईन की," पडदा म्हणाला, "पण परत जायच्या बोलीवर."