सरकारांच्या खुर्चीचा भाव

कुसुरगड संस्थानात बॅले नावाचा विलायती नाच येणार होता, आणि सर्वांत स्वस्त तिकीट होतं पाच रुपये!

पाच रुपयांत गडाखालच्या बाजारात करडासकट दुभती शेळी मिळायची. गावाने विचार केला, शेळी पसंत केली आणि नाचाचा विषय सोडून दिला. सोडला नाही तो एकट्या तानूने.

तानू ही हैबती जोडेवाल्याची मुलगी. विलायतेहून आलेल्या त्या नर्तकी पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहून नाचायच्या आणि त्यांचे रेशमी जोडे तालमीतच दोन दिवसांत फाटायचे. नाटकगृहाच्या मागच्या दारातून जोडे हैबतीकडे यायचे आणि शिवून झाले की त्याच दारातून परत जायचे. आठवडाभर हैबती तेच टाचत बसला होता. रोज म्हणायचा, "आख्खं माणूस एवढ्याशा टोकावर हुबं राहतंय कसं गं? माझा टाका तोलतोय का त्येला? येकदा डोळ्यांनी बघायला पायजे."

आयुष्यात त्याने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. तानूला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला स्वस्थ बसवत नसे. ती थेट दरबारात गेली.

"दर आम्ही स्वतः ठरवले आहेत," महाराज उदाजीराव म्हणाले. "एक पै कमी होणार नाही."

"पर सरकार, येखादी खुर्ची खांबाआड आसंल की. ती तरी स्वस्तात द्या."

"खांबाआड? आमच्या नाटकगृहात?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. ते नाटकगृह त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. "जिच्यावरून नाच दिसत नाही अशी एक तरी खुर्ची दाखव! दाखवलीस तर तिचा भाव एक आणा. हा आमचा शब्द!"

दरबार खो खो हसला. दिवाणजींनी डोळे पुसत विचारलं, "आणि सापडलीच, तर तिच्यावर बसून तुझा बाप बघणार काय? पडदा?"

"त्ये मागनं बघू," तानू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नर्तकींची तालीम चालू असताना ती नाटकगृहात हजर झाली. व्यवस्थापक भास्करपंतांना हुकूम होता की पोरीला प्रत्येक खुर्ची दाखवावी. खुर्च्या तीनशे बारा. तानू एकेका खुर्चीवर बसे, रंगमंचाकडे बघे आणि उठे. ती उठली की पंत उपरण्याने खुर्ची पुसत. मागच्या भिंतीपासून सुरुवात झाली. खांब नाही, कोपरा नाही, सगळीकडून सगळं लख्ख दिसत होतं! पुढून दुसरी रांग संपली तेव्हा पंत चक्क गुणगुणायला लागले होते.

पहिल्या रांगेत एकच खुर्ची होती. मखमलीची, ऐसपैस, सिंहाच्या पायांची.

"ही सरकारांची," पंत म्हणाले. "तिकीट शंभर रुपये."

"सरकार बी तिकीट काढत्यात?"

"काढावं लागतं! सरकारांच्या आसनापेक्षा दुसऱ्या कोणाचं आसन महाग असता कामा नये, असा संस्थानाचा कायदा आहे. तिकीटच नसलं तर दुसरं महाग की स्वस्त, हे कळावं कसं?"

तानू त्या खुर्चीवर बसली नाही. तेवढी रीत तिला कळत होती. ती शेजारी ओणवी झाली, बसल्यावर सरकारांचे डोळे जिथे येतील त्या उंचीला आपले डोळे आणले आणि बराच वेळ तशीच राहिली. मग उठून म्हणाली, "सरकारांना बोलवा."

महाराज आले, दिवाणजींना घेऊन आले आणि मखमलीत बसले. रंगमंचावर मुख्य नर्तकी हात पसरून उभी होती.

"सरकार," तानूने विचारलं, "ती बाई आत्ता कंच्या पायावर हुबी हाय?"

महाराजांनी पाहिलं. रंगमंच छातीइतका उंच होता आणि त्याच्या कडेला दिव्यांपुढच्या आडोशाच्या पत्र्यांची ओळ. महाराज डावीकडे झुकले. उजवीकडे झुकले. मान लांब करून पाहिली.

"आम्हाला बाई गुडघ्यापासून वर दिसते आहे," ते म्हणाले.

"आन् नाच?"

"नाच खाली चालला असावा."

दिवाणजी खाकरले. "सरकारांनी दहाव्या रांगेत बसावं. तिथून पाय उत्तम दिसतील."

"बसावं की!" तानू म्हणाली. "मंग पुढच्या सगळ्या रांगा सरकारांकडं पाठ करून बसतील."

दिवाणजींनी सूचना मागे घेतली.

"ठीक आहे," महाराज म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द! ही खुर्ची आजपासून एका आण्याची. बसव तुझ्या बापाला. त्यालाही गुडघे बघू दे!"

"माझा बाप हितं कशाला बसंल? ही सरकारांची जागा. सरकारांनीच बसावं."

"मग एवढा खटाटोप करून तुला मिळालं काय?"

तानू भास्करपंतांकडे वळली. "पंत, सरकारांच्या आसनापरीस दुसऱ्याचं आसन महाग आसलं तर?"

"मुळीच चालत नाही!" पंत ठणकावून म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"मंग बाकीच्या तीनशे अकरा खुर्च्यांचा भाव सांगा की, सरकार!"

आधी महाराजांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे गडगडून हसले की रंगमंचावरची बाई दचकून दोन्ही टाचांवर आली.

"दोन पैसे!" ते ओरडले. "सगळ्यांना अर्धा आणा! पंत, यापुढे तिकिटांचे दर ही पोर ठरवील, तुम्ही लिहून घ्यायचे. आणि हिच्या बापाला दहाव्या रांगेत मधोमध बसवा, सगळा हंगाम, फुकट!"

पहिल्या खेळाला नाटकगृहात मुंगीला जागा नव्हती. पडदा वर गेला. दहाव्या रांगेत हैबती बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, पापणी न हलवता. नर्तकी मधोमध आली आणि एका पायाच्या टोकावर चढली.

महाराजांनी मान वळवली. "हैबती!" त्यांनी हाक मारली. "खाली काय चाललं आहे?"

"तोललंय, सरकार!" हैबतीने उभं राहून ओरडून सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्या टाक्यानं तोललंय!"