बाळव्वाच्या औक्षणाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, तिथं सावळाबाई म्हातारी होती. तिला तीन लेकरं. दोघे संसाराला लागले. तिसरा बाळकू. त्यानं यल्लम्मा देवीला वाहून घेतलं, गळ्यात तिचे मोती बांधले, लुगडं नेसलं, बाळव्वा नाव घेतलं. बापानं हाकलून दिलं. मग बाप वारला. मग म्हातारीचं उजवं अंग लुळं पडलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती काय कमी होती!

थोरल्या सुनेनं नाक मुरडलं. धाकटी माहेरी जाऊन बसली. मग बाळव्वा आली. तिला गोठ्यात ठेवलं. तिनं आईला न्हाऊ घातलं, पेज भरवली, हगणंमुतणं काढलं. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही!

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. भिंतीला जिवती लावली, पुरण शिजलं, लेकरं ओवाळायला पाट मांडले. पाट दोनच. म्हातारी म्हणाली, "तिसरा मांडा." थोरला म्हणाला, "आई, लोक हसतील." तिनं फुंकर मारून निरांजन विझवलं.

मग दुसरा शुक्रवार आला. "तिसरा मांडा." मधला म्हणाला, "आई, देवी कोपेल. आमच्या जिवावर उठलीस का?" तिनं फुंकर मारली.

मग तिसरा शुक्रवार आला. जेवायला एक अनोळखी सवाष्ण आली. तिनं विचारलं, "गोठ्यात कोण बसलीय?" थोरला म्हणाला, "कुणी नाही."

म्हातारी कडाडली, "माझी लेक आहे! माझ्या पोटची आहे! बाई, तू जिवती असलीस तर ऐक. पुढचा श्रावण मला दिसायचा नाही. कोपायचं तर माझ्यावर कोप. पण तिला ओवाळल्याबिगर या घरात तुझा दिवा लागायचा नाही."

सवाष्ण हसली. गोठ्यात गेली, बाळव्वाला हाताला धरून आणलं. म्हणाली, "मांडीवर लेकरू घेताना मी लुगडं-धोतर बघत नाही. तुम्ही बघणारे कोण?"

लेक उठले. तिसरा पाट मांडला. म्हातारीनं डाव्या हातात निरांजन घेतलं. थोरली म्हणाली, "डाव्या हातानं ओवाळतात का?"

"देवीनं एवढाच ठेवलाय. काय म्हणणं आहे?"

ओवाळताना तूप सांडलं. केस पिकलेली बाळव्वा लहान पोरासारखी रडली. सगळ्यांनी वळून बघितलं, तर सवाष्ण कुठंच नाही.

म्हातारीचा उजवा हात काही बरा झाला नाही. कहाण्यांत होतो, तिचा नाही झाला. दिवाळीआधी ती बाळव्वाच्या मांडीवर गेली. लोक म्हणाले, "मडकं कोण धरणार?" बाळव्वानं पदर खोचला, मडकं उचललं नि सगळ्यांच्या पुढं चालू लागली. आडवं यायची कुणाची छाती झाली नाही.

जशी जिवती सावळाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. घराबाहेर काढलेल्या लेकराला आई मिळो, अंथरुणाला खिळलेल्या आईला लेक मिळो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं फळली, ऐकणारीच्या ओटीत पडली.