हुजैफभाऊंचा वाडगा

फार फार वर्षांपूर्वी, खलिफाचं राज्य दमास्कसमधून चालायचं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कोकणातले जुने तांडेल गलबतं घेऊन बसऱ्यापर्यंत जायचे. त्यांनी खजुरांच्या पोत्यांबरोबर ही गोष्ट इकडे आणली. थोडी खारी लागली तर दोष त्या समुद्राला द्या, मला नको.

बसऱ्याच्या खाली जुवैरा नावाचं गाव होतं. मोठ्या नदीतून निघालेला एक पाट गावभर फिरून समुद्राकडे जायचा. पाटाला पाणी भरपूर असलं की ते भरतीला मागे रेटायचं. पाणी कमी झालं की भरती खुशाल आत शिरायची. आपल्या खाडीकाठच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. पाटाच्या अगदी टोकाला गरिबांची घरं होती.

त्या गावात हुजैफ राहायचा. आठवडाभर खजुराच्या सालीचे दोर वळायचा आणि शुक्रवारी मशिदीत मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर, उभा राहून बोलायचा. त्याचा आवाज ऐकून नदीतले नावाडी वल्ही थांबवायचे, असं म्हणतात. प्रवचनाच्या शेवटी राज्यकर्त्याचं नाव घेऊन दुआ मागायची रीत होती. ज्याचं नाव मिंबरावरून घेतलं, त्याचं राज्य. नाव गाळलं, तर ते बंड, आणि मग गाळणाऱ्याची मान काही जागेवर राहायची नाही.

एके वर्षी खुलैद नावाचा नवा सुभेदार आला. मोठा हौशी माणूस. आल्या आल्या त्याने बाग लावली आणि बागेसाठी पाटावर बांध घालून पाणी वळवलं. वर हुकूम सोडला, की शुक्रवारी माझं नाव 'न्यायी सुभेदार' असं घ्या. हुजैफचं घर बांधाच्या वरच्या अंगाला. त्याच्या रांजणातलं पाणी गोडच होतं. त्याने हुकमाप्रमाणे नाव घेतलं, आणि तेही खणखणीत आवाजात.

नमाज सुटली तर दारात सुफानाची आई उभी. पाटाच्या टोकाला राहणारी विधवा, जिभेने तिखट. हातात मातीचा वाडगा.

"हुजैफभाऊ, फार बोललात. घसा सुकला असेल, घ्या."

त्याने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पाणी नुसतं मीठ होतं.

"माझी सुफाना हेच पिते," ती म्हणाली. "पोर अंथरुणाला खिळलीय माझी. आता सांगा, कसला न्यायी?"

वाडगा घेऊन हुजैफ घरी गेला, आणि पुढचा शुक्रवार येईपर्यंत त्याच्या घशातून शब्द फुटला नाही, असं म्हणतात.

त्या शुक्रवारी आपलं कौतुक ऐकायला खुलैद स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसला. हुजैफ टोकाच्या पाण्याने भरलेला वाडगा घेऊनच मिंबरावर चढला. नाव घ्यायची वेळ आली तसा तो खाली उतरला, वाडगा सुभेदारापुढे धरला आणि म्हणाला,

"सरकार, तुमचं नाव गाळायचा मला हक्क नाही. पण देवाच्या घरात खोटं बोलायचाही नाही. हे पाणी प्या. मग तुमच्या नावाला कुठला शब्द लावू, ते तुम्हीच सांगा."

शिपायांचे हात तलवारींवर गेले. पण भरल्या मशिदीत दिलेलं पाणी नाकारायचं कसं? खुलैद प्यायला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"यात मीठ कुणी कालवलं?"

"तुमच्या बागेने!" बायकांच्या रांगेतून सुफानाची आई ओरडली.

खुलैद लालबुंद झाला. नमाज टाकून उठला आणि हुजैफला त्याने बांधावरच्या खांबाला बांधायला लावलं. दोर हुजैफनेच वळलेला, तेव्हा तुटायची बातच नको. दुपारच्या पुढची नमाज जवळ आली, तसं हुजैफने हातपाय धुण्यापुरतं पाणी मागितलं. एका शिपायाला दया आली आणि त्याने ते त्याच्या हातापायांवर ओतलं. पायांवरून ओघळून पाणी जिथे पडलं तिथली माती विरघळली, असं म्हणतात. बघता बघता बांध खचला, हुजैफचा खांब तेवढा उभा राहिला. पाणी आपल्या जुन्या वाटेने असं धावलं, की आत आलेली भरती आल्या पावली परतली. टोकाच्या घरात सुफाना पोटभर गोड पाणी प्यायली, उठून बसली आणि तिने आईकडे भाकरी मागितली.

खुलैद पाण्याच्या मागोमाग चालत टोकापर्यंत गेला. तिथे वाकून ओंजळीने प्यायला. त्याला लाज वाटली, खरीखुरी लाज. परत येऊन त्याने आपल्या हातांनी हुजैफची गाठ सोडली आणि म्हणाला, "दरबारात ये. तुला काजी करतो."

"तिथे येऊन बसलो, तर तुमच्यापुढे वाडगा कोण धरील?" हुजैफ म्हणाला. दोर चांगला होता, तो गुंडाळून घेऊन तो घरी गेला.

पुढच्या शुक्रवारी खुलैद शेवटच्या रांगेत बसला. हुजैफने कुणी न सांगता त्याच्या नावाला 'न्यायी' लावलं. सगळ्यांत मोठ्याने आमीन म्हणाली ती सुफानाची आई.

हुजैफ म्हातारा होऊन गेला. त्याला पाटाच्या टोकाशी दफन केलं. त्यानंतर किती राज्यं आली आणि गेली. तरी जुवैऱ्यात अजूनही लेकरं पाण्याचा पहिला घोट घेण्याआधी "हुजैफभाऊ, तुमचे उपकार" म्हणतात. आणि नवा अधिकारी आला, की हारतुरे बाजूला राहतात. टोकाच्या घरातली एखादी बाई पाटाच्या शेवटचं पाणी मातीच्या वाडग्यात भरून मशिदीच्या दारात उभी राहते. तो पाणी पिईपर्यंत त्याचं नाव दुआत येत नाही. घ्यावं की नाही, अशा विचारात तो घुटमळला, तर ती वाडगा थोडा पुढे करते आणि म्हणते, "प्या, साहेब. हुजैफभाऊंनी पाठवलंय."